हजार तळ्यांच्या काठी

१९९६ च्या पावसाळ्यात आमच्या पुण्याच्या दोन खोल्यांच्या घरात एक कॅसेट आली आणि घरातली शांतता गेली. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. कॅसेट विकतची नव्हती. कोणा मित्राच्या मामेभावाने परदेशातून सीडी आणली होती, तिच्यावरून उतरवून घेतलेली. आतल्या कार्डावर निळ्या शाईने बारीक अक्षरात गाण्यांची नावे लिहिलेली आणि सोबत वहीच्या फाडलेल्या पानांवर गाण्यांचे शब्द. टेपरेकॉर्डर सुरू झाला तेव्हा आधी पियानोचे काही संथ, उदास सूर आले. बरे वाटले. मी वर्तमानपत्रातून मान वर केली. दीड-दोन मिनिटे झाली असतील, आणि मग गिटारींची एक भिंतच अंगावर कोसळली. त्या भिंतीमागून एक माणूस, माणूसच असावा, विहिरीच्या तळातून गुरगुरल्यासारखा काहीतरी म्हणू लागला.

‘याला गाणं म्हणतात?’ हा प्रश्न माझ्या ओठांवर आला आणि मी तो गिळला. हाच प्रश्न माझ्या वडिलांनी मला आर. डी. बर्मन ऐकताना विचारला होता. आई मात्र तेव्हा पंच्याहत्तरीची, तिला असली भीड नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात येऊन तिने नातवाला विचारले, ‘‘घसा बसलाय का रे त्याचा?’’

त्या कॅसेटचे नाव होते ‘टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स’. हजार तळ्यांच्या गोष्टी. वाद्यवृंदाचे नाव अमॉर्फिस, गाव फिनलंडमधले हेलसिंकी, साल १९९४. त्या गोष्टीला आता तीस वर्षे उलटून गेली. ज्या संगीतप्रकाराला पुढे ‘मेलॉडिक डेथ मेटल’ असे काहीसे विसंगत नाव पडले, त्याच्या पायाच्या दगडांत या अल्बमची गणना होते. पण त्याविषयी आज लिहावेसे वाटते ते त्याच्या मानमरातबासाठी नाही. त्या वहीच्या पानांवर आम्हाला जे सापडले, त्यासाठी.

आधी थोडी ओळख करून द्यायला हवी. ‘डेथ मेटल’ हे नाव ऐकूनच अनेक सुज्ञ वाचक पान उलटतील, तर त्यांनी जरा थांबावे ही विनंती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, काही तरुण पोरांनी हेवी मेटल आणखी वेगवान, आणखी खर्जातले आणि आणखी भेसूर करून टाकले. त्यांच्यातल्या एका वाद्यवृंदाचे नावच ‘डेथ’ होते. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा सैल करून सूर खाली उतरवायचा, ढोल असे वाजवायचे की ठोके मोजता येऊ नयेत आणि गाण्याऐवजी गुरगुरायचे. हे गुरगुरणे म्हणजे नुसते ओरडणे नव्हे बरे का. नुसते ओरडणारा दोन गाण्यांत गप्प होईल. यात श्वास पोटातून उचलावा लागतो आणि मूळ स्वरतंतूंच्या वर जे मांसल पडदे असतात त्यांना कंप द्यावा लागतो. ही साधना आहे, आणि ती चुकली तर घसा खरोखरच बसतो. आईची शंका अगदीच अडाणीपणाची नव्हती!

फ्लोरिडाचे हे वारे अटलांटिक ओलांडून स्वीडनला पोचले. स्टॉकहोममध्ये ‘सनलाइट’ नावाचा एक स्टुडिओ होता. तिथला ध्वनिमुद्रक टोमास स्कूग्सबेर्ग याने गिटारचा असा एक आवाज घडवला की लाकूड कापायची यंत्रकरवत आठवावी. ‘एन्टूम्ड’ या वाद्यवृंदाचा १९९० चा पहिला अल्बम तिथलाच. आसपासच्या देशांतली पोरे त्या आवाजासाठी सनलाइटची वाट धरू लागली. त्यांतच हेलसिंकीची ही मंडळी होती. यान रेखबर्गर ढोलांवर, तोमी कोइवुसारी आणि एसा होलोपाइनेन गिटारवर, ओल्ली-पेक्का लाइने बेसवर. गुरगुरण्याचे कामही कोइवुसारीकडेच. सगळे जेमतेम विशीतले. १९९० मध्ये त्यांनी वाद्यवृंद काढला आणि नाव घेतले ‘अमॉर्फस’ या इंग्रजी शब्दावरून, म्हणजे निश्चित आकार नसलेला. पुढे हे नाव किती खरे ठरणार होते, हे त्यांना तेव्हा कुठून ठाऊक असणार.

१९९२ चा त्यांचा पहिला अल्बम ‘द करेलियन इस्थमस’. नाव घेतले होते ते करेलियाच्या संयोगभूमीचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात फिनलंडला जी सोव्हिएत रशियाच्या हवाली करावी लागली त्या भूपट्ट्याचे. संगीत चांगले, कसलेले, पण त्या काळच्या इतर दहा वाद्यवृंदांत मिसळून जाईल असे. नाव आपल्या मातीचे आणि आवाज शेजाऱ्याचा, अशी काहीशी स्थिती.

मग १९९३ मध्ये ते पुन्हा सनलाइटमध्ये गेले तेव्हा दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक म्हणजे कास्पर मॉर्टेन्सन नावाचा कीबोर्डवादक त्यांना येऊन मिळाला होता. त्याच्याकडे मूग सिंथेसायझर होता, सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांचे लाडके वाद्य. डेथ मेटलच्या कडव्या मंडळींना कीबोर्ड म्हणजे भजनी मंडळात ड्रमसेट आणल्यासारखे वाटे. दुसरी गोष्ट म्हणजे शब्द. या खेपेला पोरांनी रक्त, थडगी, राक्षस असला नेहमीचा माल बाजूला ठेवला आणि घरातल्या कपाटातून एक जुने पुस्तक काढले, ‘कालेवाला’. फिनलंडमध्ये हे पुस्तक शाळेत सगळ्यांनाच भेटते, आणि शाळेत भेटलेल्या पुस्तकाशी मुले जसे वागतात तसेच वागतात.

कालेवालाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एलिआस ल्योनरूत हा एका शिंप्याचा मुलगा. शिकून डॉक्टर झाला आणि कायानी या आडगावी सरकारी वैद्य म्हणून राहिला. फिनलंड शतकानुशतके स्वीडनच्या अमलाखाली होता. १८०९ मध्ये तो रशियाच्या झारकडे गेला. शिकलेल्यांची भाषा स्वीडिश, आणि फिनिश शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या तोंडी. हा डॉक्टर पायी, होडीने, बर्फावरच्या घसरगाडीने करेलियाच्या खेड्यांतून हिंडला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडची गाणी उतरवून घेत राहिला. १८३४ मध्ये अर्हिप्पा पेर्तुनेन नावाच्या एका शेतकऱ्याने त्याला सलग तीन दिवस गाऊन दाखवले! १८३५ मध्ये कालेवालाची पहिली आवृत्ती निघाली. १८४९ ची वाढवलेली आवृत्ती पन्नास सर्गांची, बावीस हजारांहून अधिक ओळींची. लेखी साहित्याच्या नावाने ज्या भाषेला नाके मुरडली जात, तिला एकदम महाकाव्य मिळाले. सिबेलिअससारख्या संगीतकाराने त्यावर रचना केल्या, गालेन-कालेला या चित्रकाराने चित्रे काढली आणि १९१७ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या मनाची मशागत या पुस्तकाने कधीच करून ठेवलेली होती. आपल्याकडे हिंदी कवी विष्णु खरे यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला आहे. जिज्ञासूंनी तो मिळवून जरूर वाचावा.

तर वहीची ती पाने. एका रविवारी मुलगा बाहेर गेला होता आणि मी कुतूहलाने ती चाळली. गाण्याचे नाव ‘ब्लॅक विंटर डे’, काळा हिवाळी दिवस. मला वाटले, असेल काहीतरी स्मशान आणि कावळे. वाचतो तो काय, ती एका नव्या नवरीची व्यथा होती! लग्न लागले आहे, वऱ्हाड निघायच्या बेतात आहे आणि मुलगी म्हणते आहे की सुखी माणसांची मने कशी असतात आणि माझे आज कसे झाले आहे. बस, एवढेच. ना भूत, ना पिशाच.

मी ते मराठी करून आईला सांगितले. आई माहेरची मुळशीकडची, पहाटे जात्यावर बसलेली बाई. तिला सासरी निघालेल्या लेकीच्या ओव्या काही कमी ठाऊक नव्हत्या. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘अरे, हे तर बाईचं गाणं. मग बाईनं म्हणायला नको का? हे बाप्ये कशाला म्हणतात?’’

या प्रश्नाने मला बरीच वर्षे सोडले नाही. संगीतातले जाणकार अमॉर्फिसविषयी लिहितात तेव्हा गिटारच्या सुरावटींविषयी लिहितात, सनलाइटच्या ध्वनीविषयी लिहितात. आईचा प्रश्न मला कुणी विचारलेला आढळला नाही.

हा प्रसंग कालेवालाच्या बाविसाव्या सर्गातला. उत्तरेकडच्या पोह्योला नावाच्या काळोख्या देशाची मुलगी लोहार इल्मारिनेनला दिली आहे. निरोपाच्या वेळी नवरीला आधी रडवावे लागते, तसा तिकडचा रिवाजच होता. करेलियात लग्नात रडगाणी म्हणणाऱ्या खास बायका असत. माहेर सुटते आहे याची जाणीव नवरीला करून देणे, तिला मनसोक्त रडू देणे हे त्यांचे काम. महाकाव्यातही एक म्हातारी तिला पुढच्या हालअपेष्टा ऐकवते आणि मग चुलीपाशी बसलेले एक लहान मूल तिची समजूत घालते. पुढच्या सर्गात सासरी कसे वागावे याची लांबलचक शिकवण आहे आणि त्यातच एक म्हातारी आपल्या फसलेल्या संसाराची कहाणी सांगते. इतके ओळखीचे की वाचताना फिनलंड विसरायला होते.

म्हणजे आईचे म्हणणे बरोबर होते. गाणे बायकांचे. ते आधी एका डॉक्टरच्या वहीत गेले, मग छापील काव्यात, मग इंग्रजी अनुवादात आणि शेवटी हेलसिंकीच्या पोरांच्या तोंडी. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळून पडले. मूळ फिनिश ओळ आठ अक्षरांची, झोके घेत जाणारी. समोरासमोर बसून, हातात हात गुंफून दोघांनी आलटूनपालटून म्हणायची. ती चाल इंग्रजीत पार गेली आणि उरलेसुरले शब्द त्या गुरगुराटात बुडाले. कागद हातात नसेल तर एक अक्षर कळत नाही, हे या प्रकाराचे कट्टर चाहतेही खाजगीत कबूल करतील. शिवाय ल्योनरूतनेही काही कमी फेरफार केले नव्हते. याच अल्बममधले ‘ड्राउन्ड मेड’ हे गाणे आइनोचे. म्हाताऱ्या वैनामोइनेनशी लग्न नको म्हणून पाण्यात नाहीशी झालेली मुलगी. तिला हे नाव आणि हे पाणी ल्योनरूतने दिले. लोकगीतांत तिचा शेवट वेगळा होता. तेव्हा पोरांनी पुस्तकाची मोडतोड केली असे म्हणणाऱ्याने आधी पुस्तकाकडे पाहावे.

पण हरवले त्याच्या बदल्यात मिळाले काय? मला वाटते, ते सुरावटीत मिळाले. ‘ब्लॅक विंटर डे’ची कीबोर्डवरची मुख्य धून इतकी साधी आहे की लहान मुलाने एका बोटाने वाजवावी. तिच्याखाली गिटारी करवतीसारख्या चालू असतात आणि ती धून बिचारी आपली वर तरंगत राहते, विझत नाही. फिन लोकांना कोमल सुरांचे जात्याच वेड आहे. त्यांचा लोकप्रिय टँगोसुद्धा रडवेला असतो. हे रडवेपण या पोरांनी शेजाऱ्याच्या यंत्रात घातले आणि यंत्राचा आवाजच बदलून गेला. स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातले ‘अ‍ॅट द गेट्स’, ‘डार्क ट्रँक्विलिटी’, ‘इन फ्लेम्स’ हे वाद्यवृंद त्याच सुमारास दुसऱ्या वाटेने सुरावटीकडे निघाले होते. त्यांचे गाजलेले अल्बम १९९५ आणि १९९६ चे. त्यांची सुरावट धावणारी, सुरीच्या पात्यासारखी. अमॉर्फिसची चालणारी, बर्फातून पाय ओढत जाणारी.

आणि तो गुरगुराट? पहिल्यांदा मला तो नवरीच्या दुःखाची विटंबना वाटला. पुढे वाटू लागले की त्या आवाजाला वय नाही, लिंग नाही, चेहरा नाही. तो पुरुषाचा आवाज नाही तसा बाईचाही नाही. गोड गळ्याच्या एखाद्या तरुणाने ते शब्द आळवून म्हटले असते तर ती नक्कल झाली असती, आणि ती मात्र आईने खपवून घेतली नसती. अर्थात हे माझे मत. आईने ते शेवटपर्यंत मान्य केले नाही.

अल्बममध्ये उणिवा आहेत. दोन-तीन गाणी एकमेकांची भावंडे वाटतात. साध्या, स्वच्छ आवाजासाठी विले तुओमी या पाहुण्या गायकाला बोलावले होते. त्याचे तुकडे कानाला उपरे लागतात, जणू शेजारच्या घरातून कोणी डोकावून गेले. पण त्या डोकावण्यातच पुढची सारी कथा दडलेली होती.

कारण वाद्यवृंदाला आता स्वतःचा गाणारा गळा हवा होता. पासी कोस्किनेन आला, आणि १९९६ च्या ‘एलेजी’ या अल्बममध्ये गुरगुर आणि गाणे शेजारी शेजारी बसले. शब्द या वेळी ‘कान्तेलेतार’मधले. हा ल्योनरूतचाच १८४० चा भावगीतांचा संग्रह. त्यात कान्तेले या तंतुवाद्याविषयी एक विलक्षण कल्पना आहे. महाकाव्य सांगते की वैनामोइनेनने ते माशाच्या जबड्याच्या हाडापासून बनवले. हे गीत म्हणते, ते सगळे खोटे, हे वाद्य घडले ते दुःखातून. त्यावरचे ‘माय कान्तेले’ हे गाणे मी आजही कुणालाही बेधडक ऐकवतो. खरे सांगायचे तर रचना म्हणून ‘एलेजी’ मला ‘हजार तळ्यां’पेक्षा अधिक सुबक वाटतो. पण त्याचे दार आधीच्या अल्बमने उघडले होते.

त्यानंतर अमॉर्फिसने एकेक करून सगळे टाकून दिले. १९९९ च्या ‘टुओनेला’त गुरगुर जवळजवळ संपली. २००१ च्या ‘अ‍ॅम युनिव्हर्सम’मध्ये सॅक्सोफोन आला. कालेवालाही मागे पडले. माझ्या मुलासारख्या जुन्या चाहत्यांनी तोंडे वाकडी केली. मला ते अल्बम वाईट वाटले नाहीत, पण ते कुठल्या गावचे आहेत हे कळेनासे झाले. २००४ मध्ये कोस्किनेन बाहेर पडला. चौदा वर्षांचा वाद्यवृंद, आवाज नाही, गोष्ट नाही. इथे संपला असता तरी कुणाला नवल वाटले नसते.

२००५ मध्ये तोमी योउत्सेन आला. हा गडी एकाच ओळीत गाऊही शकतो आणि गुरगुरूही शकतो. आणि त्याच्याबरोबर कालेवाला परत आले, पण आता नुसते पुस्तकातून उचललेले नव्हे. २००६ च्या ‘एक्लिप्स’साठी पावो हाविक्को या कवीच्या कुल्लेर्वोवरील नाटकाचा आधार घेतला. हा अल्बम फिनलंडच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या वर्षीपासून पेक्का काइनुलाइनेन हा कवी-चित्रकार त्यांच्यासाठी नव्याने गीते लिहू लागला. ‘सायलेंट वॉटर्स’मध्ये लेमिन्काइनेनची कथा, २००९ च्या ‘स्कायफोर्जर’मध्ये लोहार इल्मारिनेनची, २०११ च्या ‘द बिगिनिंग ऑफ टाइम्स’मध्ये वैनामोइनेनची. विशीत ज्या पुस्तकातून कात्रणे काढली होती, त्याच्याकडे ही माणसे पस्तिशीत बैठक मारून वाचायला आली. २०१० मध्ये त्यांनी जुनी गाणी योउत्सेनच्या आवाजात पुन्हा मुद्रित केली आणि २०२४ मध्ये, तीस वर्षे झाली म्हणून, ‘हजार तळी’ सगळाच्या सगळा हेलसिंकीच्या ताव्हास्तिया क्लबातल्या वादनातून नव्याने प्रसिद्ध केला. वादन अधिक सफाईचे आहे, आवाज कमावलेला आहे. मला मात्र कोइवुसारीचा तो खरखरीत, जरासा बावचळलेला गुरगुराट आठवत राहिला. त्याला आपण काय म्हणतो आहोत हे पुरते कळलेले नव्हते असे वाटते, आणि नवरीलाही त्या दिवशी कुठे कळलेले असते?

मुंबईच्या ‘डेमोनिक रिझरेक्शन’ या मेटल वाद्यवृंदाने २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला, विष्णूच्या अवतारांवर. मुलाने तो मला मुद्दाम पाठवला. नृसिंह आणि गुरगुराट यांचे जमणार हे उघडच आहे. आई असती तर तिने विचारले असते की देवांचे झाले, जात्याचे काय?

आई २००३ मध्ये गेली. तिच्या ओव्या आम्ही कुणीच उतरवून ठेवल्या नाहीत. मला सहा-सात येतात, त्याही अर्ध्यामुर्ध्या. मुलाला एकही नाही. त्याला ‘ब्लॅक विंटर डे’ मात्र शब्दन् शब्द पाठ आहे.

ती कॅसेट अजून कपाटात आहे. एकदा यंत्रात तिची फीत गुंडाळली गेली होती. मुलाने ती पेन्सिल घालून परत फिरवली, पण चुरगळलेला भाग राहिलाच. ती नेमकी नवरीच्या गाण्याच्या मध्यावर येते. तिथे आवाज क्षणभर पाण्याखाली गेल्यासारखा होतो आणि मग पुन्हा वर येतो.